सावजी खाणारे बाबा, शाकाहारी आई आणि एक थाई जेवण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नोव्हेंबरअखेर तुमच्या आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होत आहेत आणि त्यांना नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका महागड्या थाई रेस्टॉरंटमध्ये न्यायचं आहे. पाच माणसं आहेत. आई शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबा जन्मभर सावजी खाणारे. तुम्ही दोघं सगळं खाता आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तुम्ही अशाच ठिकाणी ग्रीन करी, रेड करी, पॅड थाई आणि गोड-तिखट सॉसमधलं तळलेलं स्टार्टर मागवलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले, "सगळं गोडच लागून राह्यलं बापा", आणि घरी येऊन त्यांनी ठेचा-भाकर खाल्ली. या वेळी काय मागवावं, आणि आईला खरोखरच शाकाहारी जेवण मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी 22 वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढली आहेत. त्यातली नऊ थाई विभागात गेली, त्यात काही महिने बँकॉकमध्ये होते. त्यामुळे तुमची यादी वाचल्याबरोबर चूक कळली. दोन्ही करी नारळाच्या दुधातल्या, पॅड थाईत चिंच आणि ताडगूळ, स्टार्टरच्या सॉसमध्ये साखर. चारही पदार्थ एकाच बाजूला झुकलेले. त्या रात्री स्वयंपाकघराने प्रत्येक पदार्थ उत्तम केला असता तरी बाबा हेच म्हणाले असते.

आपण बाहेर जेवायला गेलो की सवयीने आधी स्टार्टर, मग सूप, मग एक-दोन ग्रेव्ही आणि शेवटी राइस मागवतो. ही पंजाबी हॉटेलांची रीत आहे. थाई जेवण तसं वाढत नाहीत. तिथे मध्ये भात असतो, बाकीचं सगळं एकदम येतं आणि प्रत्येक जण थोडं थोडं घेत जातो. म्हणजे आपलं पानच की! पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी असते. कोणी पानात दोन गोड भाज्या वाढत नाही, आणि चटणी तिखट असली तर कोशिंबीर थंड ठेवतात. तुमच्या आईने आयुष्यभर पान वाढलंय. म्हणून माझा पहिला सल्ला हा की मेन्यू कार्ड आईच्या हातात द्या आणि तिला सांगा, "सणाचं पान मांडायचं आहे असं समज." पदार्थांची नावं तुम्ही वाचून दाखवा, निवड तिला करू द्या.

मी स्वतः पाच जणांसाठी असं मांडलं असतं: नारळाच्या दुधातला एकच पदार्थ, बिननारळाचा एक झणझणीत, एक आंबट पातळ, एक कच्चं कोशिंबिरीसारखं, एक साधी परतलेली पालेभाजी, जमल्यास एक वाफवलेला मासा, आणि भात. तळलेलं एकच, तेही मुलीसाठी. आई शाकाहारी असल्यामुळे यातल्या दोन-तीन जागी तिचा वेगळा पदार्थ लागेल, त्याचं पुढे सांगते. पॅड थाई या वेळी सोडा. तो वाईट नाही, पण तो एकट्याने एका प्लेटमध्ये खायचा पदार्थ आहे, आपल्या तर्री-पोह्यांसारखा. 1939 मध्ये सयामचं नाव थायलंड झालं, आणि त्याच काळात पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारने हा नूडलचा पदार्थ राष्ट्रीय म्हणून देशभर रुजवला. करी-भातासोबत तो मध्ये ठेवला की अर्धा तसाच परत जातो, हे मी शेकडो टेबलांवर पाहिलंय.

आता बाबांचं. सावजीचा तिखटपणा भाजलेल्या मसाल्याचा असतो. धने, मिरी, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं तेलात काळं होईपर्यंत चढतं आणि तो तिखटपणा घशात हळूहळू उतरून तासभर राहतो. थाई तिखटपणा ताज्या, बोटाच्या पेराएवढ्या मिरचीचा. तो जिभेच्या टोकाला सुईसारखा लागतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि चार घासांत विरतो. सावजीच्या मापाने मोजलं तर तो कायम कमीच वाटणार. म्हणून त्यांना निव्वळ "जास्त तिखट करा" असं सांगून काही साधत नाही, कारण नारळाच्या दुधात मिरची वाढवली तरी गोडी तिथेच असते.

त्यांच्यासाठी गेंग पा विचारा. याचा अर्थ जंगलची करी. नारळ जिथे होत नाही अशा रानातल्या मुलखातली ही करी असल्याने तिच्यात नारळाचं दूध अजिबात नसतं. पातळ, लालसर, झणझणीत रस्सा, त्यात हिरव्या मिरीचे अख्खे घोस आणि ग्राचाई नावाचं बोटांच्या जुडग्यासारखं दिसणारं मूळ. पूर्वी रानडुकराच्या मटणाची करत, आता चिकनची मिळते. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात तिकडे पोहोचली, आपल्याकडेही त्यांनीच आणली. त्याआधी दोन्हीकडे तिखट म्हणजे मिरीच होती. थाई भाषेत मिरीला अजूनही "प्रिक थाई", म्हणजे थाई मिरची म्हणतात. सावजी खाणाऱ्या माणसाला त्या मिरीच्या घोसाची ओळख पहिल्याच घासात पटते. माझे मोठे काका, ज्यांनी घराबाहेर मटणाशिवाय कशाला हात लावला नाही, ते गेंग पाची वाटी पुसून खाताना मी पाहिलेत.

मेन्यूत ती नसेल तर नाराज होऊ नका. चांगल्या स्वयंपाकघरात लाल करीची पेस्ट आणि ग्राचाई असतेच, त्यामुळे आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक शेफ आनंदाने करून देतात. नाहीच जमलं तर लाब मागवा. तो ईशान्य थायलंडचा खिम्याचा पदार्थ आहे: लिंबू, मिरची, पुदिना आणि वरून कोरडा भाजून कुटलेला तांदूळ. तो भाजक्या तांदळाचा खमंग वास बाबांना नक्की आवडेल. लाबबरोबर चिकट भात मागवा. तिकडे तो हातानेच खातात, लहान गोळा वळून. बाबांना काट्या-चमच्याचा कंटाळा असेल तर त्यांनी त्या भारी टेबलावर बिनधास्त हाताने जेवावं, कोणी नवल करणार नाही. बाकी सगळ्यांसाठी उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा. काट्याने फक्त घास चमच्यात लोटायचा. चॉपस्टिक्स थाई लोक नूडल्सपुरत्याच वापरतात, तेव्हा त्या मागून मुलीची परीक्षा घेऊ नका.

आता आईचं, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे.

थाई स्वयंपाकात मिठाचं काम फिश सॉस करतो. अँकोव्हीसारखे बारीक मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं ते पाणी असतं. करीच्या पेस्टमध्ये कपी, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा वाटलेला असतो. पालेभाजी परतताना ऑयस्टर सॉस पडतो. म्हणजे ज्या पदार्थात मांसाचा तुकडाही दिसत नाही, त्यात तीन ठिकाणी मासळी असू शकते. आणि आपल्याकडे "व्हेज ग्रीन करी" याचा अर्थ पुष्कळदा "चिकनऐवजी भाज्या घातलेली तीच करी" एवढाच धरला जातो.

मी नवीन होते तेव्हा एका रेस्टॉरंटमध्ये (नाव सांगत नाही) एका वारकरी घरातल्या काकू जेवायला आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी वेटरला दोनदा विचारलं, त्याने दोनदा "प्युअर व्हेज" सांगितलं. पेस्टच्या डब्यात कपी होती, हे मला माहीत होतं. मी वरिष्ठांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ऑर्डर थांबवू नको." काकू जेवल्या, माझ्या हाताला धरून "छान होतं गं" म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांना सांगितलं नाही. या गोष्टीला 17 वर्षं झाली आणि ती माळ मला अजून दिसते. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक स्वयंपाकघरात शाकाहारी पेस्ट वेगळी वाटली जाते, वेगळ्या डब्यात, हिरव्या झाकणाखाली.

म्हणून "व्हेज आहे का?" एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. विचारायचं ते असं: करीच्या पेस्टमध्ये कपी आहे का? पेस्ट इथे वाटता की तयार डब्याची, आणि डब्याची असेल तर लेबल बघून सांगाल का? फिश सॉसऐवजी काय घालता? ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचा सॉस आहे का? सूपचा स्टॉक कशाचा? वेटर अडखळला तर शेफला बोलवा. महाग रेस्टॉरंटमध्ये शेफने टेबलाशी येणं हा तुमच्या पैशांतला भाग आहे, संकोच करू नका. थायलंडमध्ये पूर्ण शाकाहाराला "जे" म्हणतात. चिनी वंशाच्या बौद्धांच्या परंपरेतून आलेला तो आहार आहे. फुकेतमध्ये दरवर्षी त्याचा नऊ दिवसांचा उत्सव होतो आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. "जे पद्धतीचं करा" म्हटल्यावर शेफचा चेहरा उजळला, तर समजा योग्य माणूस भेटला. मीठ, साधा सोया सॉस आणि आंबवलेल्या सोयाबीनचा ताउ जिआओ यांवर उत्तम चव येते, त्यात काही कमी पडत नाही.

आईसाठी मी मशरूमचं टॉम यम सूप मागवेन, कच्च्या पपईचं सोम तम सुक्या कोळंबीशिवाय आणि फिश सॉसशिवाय, आणि ताउ जिआओत परतलेली नाळीची भाजी. पावसाळ्यात आपल्याकडे तळ्याकाठी होते तीच ही भाजी, मेन्यूत तिला मॉर्निंग ग्लोरी लिहितात. करी हवी तर टोफू-बटाट्याची मसामन. मुस्लीम व्यापाऱ्यांच्या प्रभावातून घडलेली ही करी आहे आणि तिच्यात दालचिनी, वेलची, जिरं, लवंग असल्याने आईला ती परकी वाटणार नाही. ती गोडसर असते, म्हणून टेबलावरचा नारळाचा एकमेव पदार्थ हीच ठेवा, सगळ्यांसाठीच शाकाहारी करून घ्या. मसामनमध्ये शेंगदाणे असतात. घरात कोणाला ते सोसत नसतील तर आधी सांगा. सोम तमसाठी एक आणखी विचारणा करा: उखळ वेगळं आहे का? ते मातीच्या उखळात लाकडी मुसळीने कुटतात आणि त्याच उखळात दिवसभर सुकी कोळंबी कुटलेली असते. आईची ताटं टेबलावर तिच्या बाजूला ठेवा आणि वाढायचे चमचे वेगळे मागून घ्या.

मुलीची काळजी सोपी आहे. चिकन साते आणि साधा परतलेला भात, तिखट बाजूला.

टॉम यमबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुम्ही तो मागवणारच. "टॉम" म्हणजे उकळणं, "यम" म्हणजे आंबट-तिखट मिसळणं. कोळंबीच्या टॉम यमला युनेस्कोने 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात गवती चहाची दांडी, कुलंजनाच्या चकत्या आणि माक्रूत लिंबाची पानं अख्खी तरंगतात. ती चावायची नसतात. कढीतला कढीपत्ता काढतो तशी काठाला लावायची. आपल्याकडे लोक कुलंजनाची चकती आलं समजून चावतात आणि मग म्हणतात, सूपमध्ये लाकूड होतं! कुलंजन आल्याच्या कुळातलं आहे, पण त्याचा वास राळेसारखा, पाइनसारखा असतो, आणि आलं घालून तो येत नाही. गवती चहाचंही तसंच. आपण चहात पात घालतो, ते लोक बुडाकडची पांढरी दांडी वापरतात.

चांगलं स्वयंपाकघर ओळखायचं तर याच सूपवर ओळखा. लिंबू उकळत्या भांड्यात पिळलं तर कडवट होतं. गॅस बंद केल्यावर पिळलं तर वाटी टेबलावर येताच वास आधी नाकात शिरतो. तुमच्यासमोर वाटी ठेवली आणि तो वास आला नाही, तर बाकी जेवणाकडून मी फार अपेक्षा ठेवणार नाही.

दुसरी खूण करीत. आपण मसाल्याला तेल सुटेपर्यंत परततो, तसं तिथे नारळाची घट्ट साय कढईत फुटून तेल सुटेपर्यंत शिजवतात आणि त्या तेलात पेस्ट परततात. म्हणून अस्सल करीवर बारीक थेंबांची तर्री दिसते. ती दिसली की खुशाल खा, जादा तेल म्हणून परत पाठवू नका. नागपुरात ताजं नारळाचं दूध काढणं परवडत नाही, सगळे खोक्यातलं वापरतात, मीसुद्धा. काही ब्रँडचं दूध फुटतच नाही, म्हणून शेफ थोडं खोबरेल घालतात. त्यात काही गैर नाही. पण ग्रीन करी पोपटाच्या रंगाची चमकदार असेल तर तो बाटलीतला रंग असतो. खरी करी फिकट, मळकट हिरवी दिसते.

आणि पेस्टचा पाया माहीत आहे का? लसूण, पांढरी मिरी आणि सांबाराची मुळं. आपलं नागपूरचं सांबार, कोथिंबीर. कॉटन मार्केटमध्ये सकाळी मुळांसकट जुड्या मिळतात आणि घरी आल्यावर आपण पहिल्यांदा मुळं कापून फेकतो. थाई आजी ती धुऊन दगडी खलात आधी घालते, कारण पानापेक्षा मुळात वास खोल असतो. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. सांबारवडी करणाऱ्या गावाने मुळं फेकावीत, हे मनाला पटेना. आता मी वडीच्या सारणातही थोडी वाटून घालते. तुम्ही करून बघा.

मासा मागवणार असाल तर एवढंच विचारा की कोणता आहे. समुद्र आपल्यापासून फार लांब आहे, त्यामुळे समुद्री मासा बहुधा बर्फातला असणार. नीट गोठवलेला असेल तर मला तो चालतो. पण टॉम यमसाठी गोड्या पाण्यातला मोठा झिंगा मिळाला तर तोच घ्या. थाई लोक सुद्धा त्यासाठी नदीचा झिंगा श्रेष्ठ मानतात.

भात जास्मिनचा घ्या, फ्राइड राइसने पोट भरू नका. जास्मिनचा वास भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाची आठवण देतो, आणि तो किंचित चिकटत असल्याने रस्सा धरून ठेवतो. टेबलावर प्रिक नाम प्ला मागून घ्या, म्हणजे फिश सॉसमध्ये चिरलेल्या मिरच्या आणि लिंबू. बाबांसमोर ती वाटी ठेवा, पानातल्या मीठ-लिंबासारखी. आईला तीच सोया सॉसमध्ये करून द्यायला सांगा.

बिलाचं दोन वाक्यांत. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 5 टक्के जीएसटी असतो, खोलीचं भाडं 7,500 रुपयांवर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे तसे निर्देश जुलै 2022 पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. तो काढायला सांगा आणि वेटरने नीट सांभाळलं असेल तर त्याच्या हातात द्या.

फोन आदल्या दिवशी दुपारी चार ते सहाच्या दरम्यान करा. दुपारची गर्दी संपलेली असते, रात्रीची तयारी चालू असते, आणि शेफ फोनवर येऊ शकतो. गेंग पा, आईची वेगळी पेस्ट आणि वेगळं उखळ, या तीन गोष्टी तेव्हाच ठरवा.

गोडात लोक मँगो स्टिकी राइस मागतात. नोव्हेंबरमध्ये मागू नका, तेव्हा आंबा डब्यातला किंवा गोठवलेलाच मिळेल. त्याऐवजी टब टिम क्रॉब विचारा, म्हणजे कुरकुरीत माणकं: वॉटर चेस्टनटचे लाल रंगात घोळवलेले तुकडे साबुकंदाच्या पिठात बुडवून उकळतात आणि बर्फ घातलेल्या नारळाच्या दुधात सोडतात. अंडं नाही, म्हणून आईलाही चालतं. थाई वॉटर चेस्टनट म्हणजे आपला शिंगाडा नव्हे, वनस्पती वेगळी आहे, पण कुरकुरीतपणात दोघांचं नातं आहे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आपल्या बाजारात भंडारा-गोंदियाच्या तलावांतले हिरवे शिंगाडे येतात. मी दरवर्षी त्या दिवसांत डबे बंद करून तेच सोलून वापरते. फोन करताना शेफला एवढं सुचवून बघा. तो नागपूरचा असेल तर लगेच हो म्हणेल, आणि आईला पहिल्या चमच्यातच कळेल की हा शिंगाडा आहे.